बीजातील खुणा : रेणवीय चिन्हकांचे शास्त्र आणि शेती

बियाण्याच्या पिशवीवर छापलेले वाण आणि पिशवीत भरलेले बियाणे एकच आहे, याची खात्री डोळ्यांनी करून घेता येत नाही. संकरित बाजरीचा दाणा आणि तिच्या मादी वाणाचा दाणा तळहातावर शेजारी शेजारी ठेवला, तर जाणकार शेतकऱ्यालाही त्यांतील फरक सांगणे कठीण जाते. फरक कळतो तो पीक फुलोऱ्यात आल्यावर. तोपर्यंत खत, मजुरी आणि पाऊस सारे खर्ची पडलेले असते आणि हंगाम परत मिळत नाही.

नवे वाण तयार करणाऱ्या पैदासकाराची अडचणही याच जातीची आहे. दोन वाणांचा संकर केल्यावर पुढच्या पिढ्यांत हजारो रोपे उगवतात. त्यांपैकी नेमक्या कोणत्या रोपांत हवा तो गुण उतरला आहे, हे कळण्यासाठी रोप मोठे होण्याची, रोग येण्याची किंवा दुष्काळ पडण्याची वाट पाहावी लागते. रोग त्या वर्षी आलाच नाही, तर निवड करायची कशावरून? या दोन्ही प्रश्नांवर गेल्या काही दशकांत जे एकच उत्तर पुढे आले, ते म्हणजे रेणवीय चिन्हके. प्रयोगशाळेत त्यांना ‘मार्कर’ म्हणतात.

देवळाशेजारचे घर

गावात पत्ता सांगताना घराचा क्रमांक क्वचितच सांगितला जातो. ‘मारुतीच्या देवळाला लागून जे घर आहे ते’ असे सांगितले की पाहुणा नीट पोहोचतो. देऊळ म्हणजे घर नव्हे. पण देऊळ दिसले की घर जवळच आहे, हे कळते. मार्करचे काम या देवळासारखे असते. पिकाच्या डीएनएमध्ये कोट्यवधी अक्षरांची ओळ असते. भाताच्या जनुकसंचात अशी सुमारे ३९ कोटी अक्षरे आहेत. या ओळीत ठरावीक ठिकाणी वाणावाणांत फरक असतो. हा फरक सहज तपासता येण्याजोगा असेल आणि त्याच्या अगदी शेजारी रोगप्रतिकाराचे किंवा अन्य गुणाचे जनुक असेल, तर फरक दिसताच जनुकही तेथे असल्याचे मानता येते. कारण गुणसूत्रावर लागून असलेले भाग बहुधा एकत्रच पुढच्या पिढीत जातात.

‘बहुधा’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. परागकण आणि बीजांड तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या आपापसांत तुकड्यांची अदलाबदल करतात. मार्कर आणि जनुक यांत अंतर जास्त असेल, तर या अदलाबदलीत त्यांची ताटातूट होऊ शकते. म्हणजे देऊळ जागेवरच राहते आणि घर मात्र दुसऱ्याचे निघते. म्हणूनच जनुकाच्या जितका जवळ तितका मार्कर विश्वासाचा, आणि थेट जनुकाच्या आतच सापडलेला मार्कर सर्वांत उत्तम.

कल्पना तशी जुनी आहे. घेवड्याच्या बियांचा रंग आणि त्यांचे वजन यांची सांगड एकत्र वारशाने येते, हे कार्ल सॅक्स या शास्त्रज्ञाने १९२३ मध्येच दाखवून दिले होते. बियांचा रंग हा तेव्हाचा मार्कर. परंतु डोळ्यांना दिसणाऱ्या अशा खुणा थोड्याच असतात. १९८० मध्ये डीएनएच्या तुकड्यांच्या लांबीतील फरकांवरून गुणसूत्रांचे नकाशे काढण्याची पद्धत मांडली गेली आणि खुणांचा तुटवडा संपला. ‘आरएफएलपी’ नावाची ही पद्धत वेळखाऊ होती आणि तिला डीएनए भरपूर लागत असे. पुढे पीसीआर तंत्राने चिमूटभर नमुन्यातील हवा तेवढा भाग लाखो पटींनी वाढविणे शक्य झाले. या शोधासाठी कॅरी मुलिस यांना १९९३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. नव्वदच्या दशकात ‘एसएसआर’ मार्कर रूढ झाले. डीएनएच्या काही भागांत दोन-तीन अक्षरांचा गट तोतऱ्याच्या बोलण्यासारखा पुन्हा पुन्हा येतो. एका वाणात तो बारा वेळा आला असेल, तर दुसऱ्यात अठरा वेळा. जेलवर हा फरक वेगवेगळ्या उंचीच्या पट्ट्यांच्या रूपाने दिसतो. आता एकाच अक्षराचा बदल टिपणारे ‘एसएनपी’ मार्कर मोठ्या प्रमाणावर वापरले जातात. त्यांत पट्टे पाहण्याचेही कारण उरत नाही, यंत्रच शेकडो नमुन्यांचे निकाल एका दमात सांगते.

यासाठी रोपाचा बळी द्यावा लागत नाही. कोवळ्या पानाचा नखाएवढा तुकडा पुरतो. रोप वाफ्यात असतानाच त्याची पत्रिका हाती येते.

बाजरीचा गोसावी

या तंत्राची भारतीय शेतीतील पहिली मोठी कसोटी लागली ती बाजरीत. १९६५ मध्ये लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने एचबी-१ हे देशातील पहिले संकरित बाजरीचे वाण दिले आणि उत्पादनाने उसळी घेतली. पण ही पहिली संकरित वाणे एकाच मादी वाणावर, अमेरिकेतून आलेल्या ‘टिफ्ट २३ ए’वर, उभी होती. १९७१ मध्ये एचबी-३ या वाणावर केवडा रोगाची मोठी साथ आली. महाराष्ट्रातील शेतकरी या रोगाला ‘गोसावी’ म्हणतो. कणसाच्या जागी दाणे न भरता हिरव्या पानांचा गोसाव्याच्या जटांसारखा झुपका येतो. बुरशीसारखा हा रोगकारक जमिनीतून व बियाण्यातून पसरतो. त्यानंतर नवे वाण येणे, ते चांगले चालणे आणि काही वर्षांत गोसाव्याने त्याचा घास घेणे, असे चक्रच बाजरीत सुरू झाले.

हिसारच्या हरियाणा कृषी विद्यापीठाने १९९० मध्ये दिलेले एचएचबी-६७ हे वाण या चक्रात बराच काळ तगून राहिले. ६५ दिवसांच्या आत तयार होणारे हे वाण हरियाणा-राजस्थानच्या रेताड, कमी पावसाच्या पट्ट्यात लाखो हेक्टरवर पसरले. पाऊस उशिरा आला तरी ते हाती लागे आणि पाऊस लवकर गेला तरी पीक वाचे. पण एकच वाण वर्षानुवर्षे एवढ्या क्षेत्रावर राहिले की रोगालाही सराव होतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एचएचबी-६७ मध्ये गोसावी दिसू लागला आणि हे वाण जाणार, अशी धास्ती निर्माण झाली. त्या भागातील कोरडवाहू शेतकऱ्याला तेवढ्याच दिवसांत येणारा दुसरा पर्याय सहज मिळणारा नव्हता.

नवे वाण शोधण्याऐवजी जुनेच दुरुस्त करावे, असे ठरले. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील ‘इक्रिसॅट’ संस्थेने हिसार विद्यापीठाबरोबर हे काम हाती घेतले. ब्रिटनमधील जॉन इनिस सेंटरमध्ये बाजरीच्या गुणसूत्रांचा मार्करांवर आधारित पहिला नकाशा तयार झाला होता आणि वेल्समधील बँगर विद्यापीठाचाही या प्रकल्पात सहभाग होता. एचएचबी-६७ च्या नर वाणाचा, एच ७७/८३३-२ याचा, रोगप्रतिकारक आयसीएमपी ४५१ या वाणाशी संकर करून गुणसूत्रांच्या कोणत्या भागांत प्रतिकारशक्ती आहे ते मार्करांच्या साह्याने नर वाणात उतरविण्यात आले. मादी वाणात मात्र प्रतिकारशक्ती आणली गेली ती पारंपरिक पद्धतीने, रोगाच्या वाफ्यात रोपे तपासून. हा तपशील अनेक ठिकाणी वगळला जातो, पण तो मोलाचा आहे. मार्करने जुन्या पैदाशीची जागा घेतली नाही. ते तिच्या हाताशी आले.

‘एचएचबी-६७ इम्प्रूव्ह्ड’ २००५ मध्ये प्रसारित झाले. मार्करांच्या मदतीने तयार होऊन सार्वजनिक संस्थांमार्फत भारतीय शेतकऱ्याच्या हाती पोहोचलेले ते पहिले वाण मानले जाते.

सहा पिढ्यांचे काम तीनमध्ये

‘वाण दुरुस्त करणे’ म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासाठी थोडे गणित आवश्यक आहे. लोकप्रिय वाणाचा रोगप्रतिकारक पण अन्यथा सुमार वाणाशी संकर केला, की संततीत दोघांचा निम्मा निम्मा वाटा येतो. शेतकऱ्याला हवे असते ते जुनेच वाण, फक्त एका गुणाची भर घातलेले. म्हणून संततीचा पुन्हा लोकप्रिय वाणाशी संकर करतात. याला बॅकक्रॉस म्हणतात. प्रत्येक फेरीत परक्या वाणाचा वाटा सरासरीने निम्मा होतो. पहिल्या फेरीनंतर मूळ वाणाचा वाटा ७५ टक्के, दुसऱ्यानंतर ८७.५ आणि सहाव्यानंतर ९९ टक्क्यांच्या वर जातो. सहा फेऱ्या म्हणजे कित्येक हंगाम.

पण ही झाली सरासरी. प्रत्यक्षात एखादे रोप सरासरीच्या पुष्कळ पुढे असते, एखादे मागे. सर्व गुणसूत्रांवर विखुरलेले मार्कर तपासले, तर पुढे गेलेली रोपे हेरता येतात आणि दोन-तीन फेऱ्यांतच सहाचे काम होते. हव्या जनुकाला चिकटून येणारे नको ते भागही, म्हणजे दाण्याचा आकार किंवा चव बिघडविणारे, मार्करमुळे छाटता येतात. जुन्या पद्धतीत हे शेपूट पिढ्यान् पिढ्या सोबत राहत असे.

भाताने या तंत्राची दुसरी ताकद दाखविली. कडा करपा या जिवाणूजन्य रोगाविरुद्ध भातात अनेक जनुके ठाऊक आहेत. एकच जनुक घातले तर जिवाणू काही वर्षांत त्यावर मात करतो. दोन-तीन जनुके एकत्र घातली तर त्याचे काम अवघड होते. परंतु एका जनुकाने रोप निरोगी राहिले की दुसरे त्यात आहे की नाही, हे रोगाच्या चाचणीतून कळायचे कसे? शिवाय यांतील एक्सए-५ आणि एक्सए-१३ ही जनुके अप्रभावी आहेत. त्यांची एकच प्रत असेल तर गुण बाहेर दिसतच नाही. प्रत्येक फेरीत स्वपरागणाची एक जादा पिढी घ्यावी लागते. मार्करला मात्र दडलेली प्रतही दिसते. या तीन जनुकांतील तिसरे, एक्सए-२१, आफ्रिकेतील एका रानभातातून आलेले आहे.

आंध्र प्रदेशातील बापटला येथून १९८६ मध्ये आलेले सांबा मसुरी (बीपीटी ५२०४) हे बारीक, चविष्ट तांदळाचे वाण बाजारात कमालीचे लोकप्रिय आहे, पण कडा करप्याला सहज बळी पडते. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राने (सीसीएमबी) तेथीलच भात संशोधन संचालनालयाबरोबर या वाणात वरील तिन्ही जनुके बसविली. ‘सुधारित सांबा मसुरी’ २००८ मध्ये प्रसारित झाले. त्याच्या आदल्याच वर्षी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने यांतील दोन जनुके पुसा बासमती-१ मध्ये आणली होती. बासमतीत तर कसोटी आणखी कठीण. दाण्याची लांबी, शिजल्यावरची वाढ आणि सुवास यांत तसूभरही फरक पडला तर निर्यातदार ते वाण हातात धरत नाही.

पुराचे उदाहरण सर्वाधिक गाजले. ओडिशातील जुन्या भातावरून निवडलेले एफआर १३ ए हे वाण पाण्याखाली बुडूनही तग धरत असे, पण त्याचे उत्पादन कमी. त्याच्या सहनशक्तीमागचे ‘सब-१’ जनुक २००६ मध्ये उलगडले. पूर्व भारतात अफाट क्षेत्रावर असलेल्या ‘स्वर्णा’ वाणात फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ते मार्करद्वारे उतरविले आणि ‘स्वर्णा सब-१’ २००९ मध्ये भारतात प्रसारित झाले. सुमारे दोन आठवडे पूर्ण बुडाले तरी हे पीक पाणी ओसरल्यावर पुन्हा उभे राहते. पूर आला नाही तर ते नेहमीच्या स्वर्णासारखेच पिकते, आणि शेतकऱ्याने ते स्वीकारण्याचे खरे कारण हेच.

महाराष्ट्राला जवळचे उदाहरण हरभऱ्याचे. अण्णिगेरी-१ हे कर्नाटकातील जुने वाण मर रोगाने बेजार झाले होते. डब्ल्यूआर ३१५ या वाणातील प्रतिकारशक्ती मार्करच्या मदतीने त्यात आणून ‘सुपर अण्णिगेरी-१’ २०१९ मध्ये पुढे आले.

पिशवीत काय आहे?

पैदाशीच्या या यशोगाथांना प्रसिद्धी मिळते. बीजोत्पादनातील मार्करचा वापर मात्र फारसा कोणाच्या कानावर येत नाही, वास्तविक पैशाचा प्रश्न तेथेच अधिक तातडीचा असतो.

१९६६ च्या बियाणे कायद्याखाली प्रमाणित बियाण्याच्या शुद्धतेची किमान मानके ठरलेली आहेत. सरळ वाणाच्या प्रमाणित बियाण्यात आनुवंशिक शुद्धता किमान ९८ टक्के, संकरित बियाण्यात सर्वसाधारणपणे ९५ टक्के आणि कापूस, टोमॅटो, वांगी यांच्या संकरित बियाण्यात ९० टक्के हवी. शेवटच्या पिकांना सवलत आहे कारण त्यांचा संकर बहुतांशी हाताने होतो. मादी फुलातील पुंकेसर कळी उमलण्याआधी चिमट्याने वा नखाने काढायचे आणि दुसऱ्या दिवशी नर फुलाचे पराग त्यावर लावायचे. एखादी कळी नजरेतून सुटली, की तिचे स्वपरागण होते आणि संकरित बियाण्यात मादी वाणाचे बियाणे मिसळते. जालना आणि देऊळगाव राजा परिसरातील अनेक कुटुंबांचा उदरनिर्वाह या चिमट्याच्या कामावर चालतो.

शुद्धता तपासण्याची रूढ पद्धत म्हणजे ग्रो-आउट चाचणी. बीजोत्पादक तिला ‘जीओटी’ म्हणतात. नमुन्याचे बियाणे शेतात पेरायचे, रोपे वाढू द्यायची आणि पाने, फुले, बोंडे यांच्या लक्षणांवरून भेसळीची झाडे मोजायची. चाचणी विश्वासार्ह आहे, पण तिला जवळजवळ पूर्ण हंगाम लागतो. तोवर कंपनीचे भांडवल गोदामात अडकते आणि कराराने बीजोत्पादन करणाऱ्या शेतकऱ्याचे पैसेही निकालावर लटकून राहतात. नमुना ‘फेल’ झाला तर दर कोसळतो. हवामानामुळे झाडांची लक्षणे बदलली, तर निकालावरून वाद झडतात, आणि या वादात शेतकऱ्याची बाजू बहुधा कमकुवत असते. चाचणीचे शेत त्याचे नसते.

मार्करने हेच काम काही दिवसांत होते. नर आणि मादी वाणांत ज्या ठिकाणी फरक आहे असा एक एसएसआर मार्कर निवडायचा. नर वाणाचा पट्टा एका उंचीवर, मादीचा दुसऱ्या. खऱ्या संकरित रोपात दोन्ही पट्टे दिसतात. केवळ मादीचाच पट्टा दिसला तर ते स्वपरागणाचे बियाणे. मादीच्या पट्ट्यासोबत नराच्या पट्ट्याऐवजी तिसराच दिसला, तर शेजारच्या शेतातील परका पराग आलेला. योग्य निवडलेला एकच मार्कर संकरित भाताची शुद्धता तपासण्यास पुरतो, हे हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दाखवून दिले.

एक प्रकार मात्र या साध्या चाचणीलाही चकवतो. बाजरी, ज्वारी, भात यांत हाताने संकर होत नाही. मादी म्हणून नरवंध्य ‘ए’ वाण वापरतात, ज्यात पराग तयारच होत नाही. हे वाण टिकविण्यासाठी त्याची जुळी भावंडे असलेले सुपीक ‘बी’ वाण लागते. दोघांच्या पेशीकेंद्रातील जनुके जवळजवळ सारखीच असतात. फरक असतो तो पेशीकेंद्राबाहेर, आईकडूनच येणाऱ्या तंतुकणिकांच्या डीएनएमध्ये. ‘ए’ वाणाच्या बियाण्यात ‘बी’चे दाणे मिसळले, तर पुढच्या बीजोत्पादन क्षेत्रात ती झाडे स्वतःचेच पराग उधळतात आणि सारा लॉट बिघडतो. ही भेसळ पकडायला तंतुकणिकांचाच मार्कर लागतो. भातासाठी असे मार्कर उपलब्ध आहेत.

शहरी ग्राहकाचा या तंत्राशी संबंध येतो तो बासमतीच्या पाकिटातून. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने डीएनए चाचण्यांच्या आधारे केलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बासमती म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक नमुन्यांत इतर तांदूळ आढळला. त्यानंतर तेथील व्यापाराने २००५ मध्ये स्वीकारलेल्या आचारसंहितेत भेसळीची कमाल मर्यादा ७ टक्के ठेवण्यात आली.

हे ‘जीएम’ नव्हे

डीएनए हा शब्द आला, की २००२ मध्ये आलेले बीटी कापूस आणि २०१० मध्ये स्थगिती मिळालेले बीटी वांगे आठवते. मार्करच्या साह्याने झालेली निवड त्या वर्गात मोडत नाही. येथे जनुक प्रयोगशाळेत कापून चिकटविले जात नाही. ते परागकणातून, नेहमीच्या संकराने येते आणि तेही त्याच पिकातील किंवा त्याच्या रानटी नातेवाइकांतील. मार्कर स्वतः रोपात काहीच घालत नाही. आत काय आहे ते फक्त वाचतो. त्यामुळे अशा वाणांना जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीची परवानगी लागत नाही. मे २०२५ मध्ये जाहीर झालेली जनुक-संपादित भातवाणेही वेगळ्या प्रकारची आहेत. तेथे वनस्पतीच्या स्वतःच्याच डीएनएमधील अक्षरे बदललेली असतात.

याचा अर्थ मार्कर सर्वसमर्थ आहेत, असा नाही. एक-दोन मोठ्या जनुकांवर अवलंबून असलेल्या गुणांत त्यांनी नाव कमावले. उत्पादन किंवा अवर्षण सहन करण्याची शक्ती यांवर असंख्य जनुकांचा थोडा थोडा प्रभाव असतो. तेथे एकेका मार्करमागे धावून फारसे साधत नाही. यासाठी हजारो मार्करांच्या एकत्रित गुणांकावरून निवड करण्याची पद्धत पशुपैदाशीतून आली; तिची मांडणी २००१ मध्ये झाली आणि आता पिकांतही ती वापरली जाते. तिला मात्र शेतातील नोंदी चोख लागतात. मार्कर अचूक असून नोंदी ढिसाळ असतील, तर चुकीचे उत्तर अधिक वेगाने मिळते एवढेच.

कायद्यातही मार्करचे स्थान अजून दुय्यम आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली वाणाची नोंदणी होते ती वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थैर्य या शेतात दिसणाऱ्या लक्षणांवर. मग केवळ एक रोगप्रतिकारक जनुक घातलेले, बाकी हुबेहूब जुन्यासारखे वाण नवे म्हणायचे का? कायदा अशा वाणाला ‘मूलतः व्युत्पन्न वाण’ म्हणतो. त्याची नोंदणी होऊ शकते, पण मूळ वाण संरक्षित असल्यास त्याच्या हक्कदाराची संमती आवश्यक ठरते. शेतकऱ्याला मात्र याच कायद्याने संरक्षित वाणाचेही बियाणे राखून ठेवण्याचा, पेरण्याचा, अदलाबदलीचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. अट एकच : ते नाममुद्रेच्या पिशवीत भरून विकता येत नाही.